दोन राउटर असूनही काटा थांबला: धरणगावकडच्या एका जिनिंगचं व्हीआरआरपी प्रकरण

जिनिंगवाल्यांसाठी कापसाचा सीझन म्हणजे दिवाळीनंतरचे तीन-चार महिने, आणि त्या काळात नेट गेलं की काय होतं हे बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. धरणगावकडच्या एका जिनिंग-प्रेसिंग युनिटचं हे प्रकरण आहे. युनिटचं नाव सांगत नाही, दोन्ही नेटवाल्यांचंही नाही. नावांची गरजही नाही, कारण अशीच सेटअप जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत कितीतरी ठिकाणी लागलेली आहे आणि तिथेही हेच होऊ शकतं.

तिथलं काम असं चालतं. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येतो, काट्यावर भरलेलं वजन होतं, माल खाली होतो, मग रिकामं वजन, मग काटापट्टी. काट्याचं सॉफ्टवेअर क्लाऊडवर आहे, त्यामुळे नेट नसेल तर लॉगिनच होत नाही. पेमेंट आरटीजीएस, एनईएफटीने जातं. गाठी भरलेला ट्रक बाहेर काढायचा तर ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर जाणारा ५०,००० रुपयांवरचा माल त्याशिवाय गेटबाहेर काढता येत नाही, आणि गाठींच्या अख्ख्या ट्रकची किंमत त्याच्या कितीतरी वर असते. म्हणजे नेट गेलं की आवक पण अडकते आणि जावक पण.

हे सगळं शेठला माहीत होतं म्हणूनच त्यांनी आधीच्या सीझनला दोन नेट घेतले होते. एक फायबर, स्टॅटिक म्हणजे न बदलणाऱ्या आयपी पत्त्याचं, आणि दुसरं दुसऱ्या कंपनीचं, टॉवरवरून रेडिओने येणारं. दोन मायक्रोटिक कंपनीचे राउटर, त्यांच्यावर व्हीआरआरपी (एक राउटर मेला की दुसरा त्याची जागा घेतो ती सोय) लावलेलं, कागदावर एकदम बरोबर. लावून देणारा माणूस पुढे पुण्याला गेला, आणि त्यानंतर त्या बॉक्सकडे कोणी बघितलं नाही कारण बघायची वेळच आली नाही, नेट चालूच होतं.

मग एक दिवस दुपारी साडेअकराच्या सुमारास नेट गेलं. मुनीमकाकांनी दहा मिनिटं वाट बघितली, मग मेन राउटरची पिन काढली, कारण त्यांना शिकवलेलं होतं की पिन काढली की दुसरा आपोआप चालू होतो. दुसरा चालू झाला पण, लाइट हिरवी, कॉम्प्युटरवरून गेटवेला (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) पिंग (जिवंत आहेस का अशी हाक) जातोय, पण नेट नाहीच. मग परत मेन लावला, परत काढला. काट्यावरच्या पोराचा मला फोन आला तेव्हा तो म्हणाला, "नेट नही शे भाऊ, काटा बंद शे, ट्रॅक्टरनी लाईन पार रोडलगून गयी." शेतकरी उन्हात उभे, कोणाला त्याच दिवशी घरी परत जायचंय, कोणाचं ट्रॅक्टर भाड्याचं. हाताने काटापट्टी लिहून कसंबसं काम रेटलं आणि अडीच तासांनी फायबर परत आलं. नुकसान किती झालं त्याचा हिशोब शेठने केला असेल, मला जास्त वाईट वाटलं ते दोन नेटचं बिल महिन्याच्या महिन्याला भरून सुद्धा त्या दिवशी एकही कामाला आलं नाही याचं.

आता आत काय होतं ते सांगतो, पण त्याआधी व्हीआरआरपी नक्की काय करतं ते थोडक्यात, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. प्रत्येक कॉम्प्युटरला एकच गेटवे दिलेला असतो. तो राउटर मेला की कॉम्प्युटर स्वतःहून दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून दोन राउटर मिळून एक तिसरा, खोटा म्हणजे व्हर्च्युअल आयपी सांभाळतात, आणि तोच गेटवे म्हणून सगळ्यांना द्यायचा. सिस्कोचं यासाठी स्वतःचं एचएसआरपी आहे, त्याचा आरएफसी (इंटरनेटच्या तंत्राचा प्रसिद्ध केलेला दस्तऐवज) २२८१ हा १९९८ चा, आणि सगळ्या कंपन्यांना चालेल असं व्हीआरआरपी पण १९९८ लाच आरएफसी २३३८ म्हणून आलं. आत्ता जे व्हर्जन ३ वापरतो ते २०१० च्या आरएफसी ५७९८ मधलं, आणि २०२४ ला आरएफसी ९५६८ ने त्याची जागा घेतली, त्यात मास्टर (त्या वेळी गेटवे सांभाळणारा राउटर) ऐवजी अॅक्टिव्ह म्हणतात, पण मेनूमध्ये आणि बोलण्यात मास्टरच चालू आहे. मास्टर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर "मी जिवंत आहे, माझी प्रायॉरिटी इतकी" असं ओरडत राहतो, बॅकअप ऐकत राहतो. ओरडणं थांबलं की बॅकअप तीन सेकंद आणि वर थोडा वेळ थांबतो, तो थोडा वेळ म्हणजे २५६ वजा स्वतःची प्रायॉरिटी, भागिले २५६. प्रायॉरिटी १०० असेल तर एकूण ३.६१ सेकंद. मग तो मास्टर होतो, व्हर्च्युअल मॅक अॅड्रेस (नेटवर्क पोर्टचा पत्ता) पण तोच घेतो, ००:००:५ई:००:०१ ने सुरू होणारा, आणि स्विचला कळावं म्हणून ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे "हा पत्ता आता माझ्याकडे" अशी न विचारता दिलेली दवंडी, सोडतो. कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नाही. हे खरंच सुंदर काम आहे, इतक्या साध्या गोष्टीवर इतक्या वर्षांपासून सगळं जग चाललंय.

पण नीट बघा, हे सगळं लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, बाजूचं आहे. बाहेरचं नेट आहे की नाही हे व्हीआरआरपीला माहीतच नसतं आणि ते कोणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

जिनिंगवर त्या दिवशी हेच झालं. फायबर तुटलं होतं ते नेटवाल्याच्या गावातल्या ऑफिसच्या पुढे, जळगावच्या बाजूला, आणि आपल्या ओएनटीपासून (फायबर येऊन लागतं तो डबा) त्यांच्या गावातल्या राउटरपर्यंत सगळं ठणठणीत. ओएनटीवर लाल लाइट नाही, राउटरचा पोर्ट चालू, त्यांच्या गेटवेला पिंग पण जातोय. मेन राउटरच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही, तो मजेत मास्टर म्हणून बसला. बॅकअपला पण तेच ऐकू येतंय, तो गप्प.

मुनीमकाकांनी पिन काढल्यावर मात्र बॅकअप चार सेकंदात उठला, म्हणजे व्हीआरआरपीने आपलं काम चोख केलं. त्याच्याकडे नेटच नव्हतं. बॅकअप राउटरवर जाऊन इंटरफेसची माहिती काढली तर वॅन पोर्टची (बाहेरचं नेट येतं तो पोर्ट) शेवटची लिंक डाऊन झाल्याची तारीख श्रावणातली निघाली. राउटर यूपीएसवर असल्यामुळे मधे रीबूट झाला नव्हता म्हणून ही तारीख शिल्लक होती, नाहीतर ती पण मिळाली नसती, कारण मायक्रोटिकचे लॉग वेगळी सोय केली नाही तर मेमरीतच राहतात. छतावर जाऊन बघितलं तर रेडिओ बंद, खाली पीओई अडॅप्टर (नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारा) जळालेला. पावसाळ्यात विजा पडतात तेव्हा हे आपल्याकडे नेहमीचं आहे. श्रावणापासून हे युनिट एकाच नेटवर चाललं होतं आणि कोणालाच पत्ता नव्हता. शेठला सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे स्टेपनीत हवाच नव्हती."

आणि मॉनिटरिंग नव्हतं असं नाही हं. ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर एक छोटं सॉफ्टवेअर होतं, ते व्हर्च्युअल आयपीला पिंग मारायचं आणि बाहेरच्या ८.८.८.८ ला (गूगलचा पत्ता) पिंग मारायचं, त्या दिवसापर्यंत दोन्ही हिरवे. पण व्हर्च्युअल आयपी हा मुळात कधी मरू नये म्हणूनच बनवलेला असतो, दोनातला एक राउटर जिवंत असला तरी तो उत्तर देतो. आणि ८.८.८.८ चा पिंग जातो तो मास्टरमधूनच. म्हणजे बॅकअपबद्दल एकही प्रश्न कोणी विचारत नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की रिडंडन्सी (एकाला दुसरा पर्याय) लावून फक्त व्हर्च्युअल आयपी बघणं हे एकच राउटर ठेवण्यापेक्षा वाईट आहे, कारण एकच असतो तेव्हा माणूस निदान सावध तरी राहतो.

अजून दोन गोष्टी सापडल्या. काट्याच्या कॉम्प्युटरला आणि सीसीटीव्हीच्या एनव्हीआरला (रेकॉर्डरला) आयपी हाताने टाकलेला होता, आणि गेटवे म्हणून व्हर्च्युअल .१ (आयपीचा फक्त शेवटचा आकडा लिहितोय) ऐवजी मेन राउटरचा स्वतःचा .२ दिलेला. रेडिओ चालू असता तरी त्या दिवशी काटा बंदच राहिला असता! बाकी ऑफिसला डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटणारी सोय) बरोबर .१ मिळत होता, पण डीएचसीपी सर्व्हर फक्त मेन राउटरवर, म्हणजे मेन बंद असताना नवीन कॉम्प्युटर चालू केला तर त्याला आयपीच नाही. या चुका इतक्या ठिकाणी दिसतात की आता कुठेही गेलो की आधी काट्याचा नाहीतर बिलिंगचा कॉम्प्युटर उघडून गेटवे बघतो, राउटर नंतर.

दुसरी गोष्ट, दोन्ही राउटर एकाच भिंतीवरच्या एकाच पेटीत, एकाच यूपीएसवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. पेटी उघडली तर आत रुईचा थर. जिनिंगमध्ये हवेत तंतू उडत असतात, सगळीकडे बसतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री, त्यात बंद लोखंडी पेटी. राउटर पंख्याशिवायचे होते म्हणून वाचले.

आता दुरुस्ती. बॅकअप राउटर पेटीतून काढून काट्याच्या खोलीत नेला, तिथला यूपीएस वेगळा. रेडिओला नवीन अडॅप्टर, सोबत सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग. आयपीची रचना तीच ठेवली, मेनला .२, बॅकअपला .३, व्हर्च्युअल .१, आणि हाताने टाकलेले सगळे गेटवे शोधून .१ केले. मायक्रोटिकवर व्हीआरआरपी इंटरफेसवरचा आयपी /३२ ने (म्हणजे तो एकच पत्ता) टाकायचा असतो, लोक /२४ (म्हणजे अख्खं नेटवर्क) टाकतात आणि मग एकाच नेटवर्कचे दोन रूट दिसायला लागतात. डीएचसीपी दोन्हीवर चालू केला, पण पूल वेगवेगळे, एकाला .१०० ते .१४९ आणि दुसऱ्याला .१५० ते .१९९, गेटवे दोन्हीकडून .१ च. फायरवॉलमध्ये इनपुटला आयपी प्रोटोकॉल ११२ ला (हा व्हीआरआरपीचा नंबर) सगळ्यात वर परवानगी दिली, हे विसरलं की ड्रॉपचा नियम व्हीआरआरपीच खातो आणि दोन्ही राउटर मास्टर होऊन बसतात.

जास्त डोकं लागलं ते प्रायॉरिटीला. मेन १५०, बॅकअप १००. दोन्ही राउटरवर दर १० सेकंदाला चालणारी स्क्रिप्ट टाकली, ती आपल्याच नेटमधून ८.८.८.८ आणि १.१.१.१ दोघांना पिंग मारते. नेटवाल्याच्या गेटवेला पिंग मारून उपयोग नाही हे वर बघितलंच. आणि एकाच पत्त्यावर पण भरवसा नको, समोरचा कधी पिंगला उत्तर देत नाही म्हणून आपलं नेट गेलं असं होत नाही. दोन्ही पत्ते सलग तीनदा गेले तरच नेट गेलं समजायचं. तसं झालं की मेन आपली प्रायॉरिटी १५० वरून ५० करतो, आणि बॅकअपचं नेट गेलं तर तो १०० वरून ४० करतो. आता चारही शक्यता बघा. दोन्ही चांगले तर १५० जिंकतो. मेनचं नेट गेलं तर ५० विरुद्ध १००, बॅकअप जिंकतो. बॅकअपचं गेलं तर मेनच. आणि दोन्ही गेले तर ५० विरुद्ध ४०, गेटवे मेनवर शांत राहतो, उगाच इकडून तिकडे उड्या नाहीत.

इथे शेठच्या भाच्याने, जो कॉम्प्युटर शिकलेला आहे, एक चांगला प्रश्न विचारला. फायबर दुपारी दहा वेळा जातं-येतं, मग दर वेळी हे इकडून तिकडे होणार, त्यापेक्षा प्रीएम्प्ट बंद करून टाका ना दादा. प्रीएम्प्ट म्हणजे जास्त प्रायॉरिटीवाल्याने चालू मास्टरला बाजूला करून जागा घेणं, व्हीआरआरपीत ते मुळातच चालू असतं, एचएसआरपीत मुळात बंद. विचार बरोबर होता, पण बॅकअपवर प्रीएम्प्ट बंद केलं तर मेन स्वतःची प्रायॉरिटी ५० करून जिवंत राहिल्यावर बॅकअप त्याला हटवणारच नाही, कारण त्याला मास्टरचं ओरडणं ऐकू येतंय आणि जिवंत मास्टरला हात लावायची परवानगी आपणच काढून घेतली. म्हणजे परत तोच दिवस. म्हणून प्रीएम्प्ट दोन्हीवर चालूच ठेवलं आणि उड्यांवर इलाज स्क्रिप्टमध्ये केला, प्रायॉरिटी खाली येते अर्ध्या मिनिटात पण परत वर जाते ती नेट सलग १० मिनिटं नीट चालल्यावरच. मधे एकदा जरी गेलं तरी १० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

लाइटचा पण विचार करावा लागला. लाइट जास्त वेळ गेली, यूपीएस संपला, मग लाइट आली की राउटर ओएनटीच्या आधी उठतो, आणि सेव्ह झालेली प्रायॉरिटी १५० असेल तर नेट यायच्या आधीच मास्टर होऊन बसतो, चांगल्या चाललेल्या बॅकअपला बाजूला करून. म्हणून मेन चालू होताच पहिलं काम प्रायॉरिटी ५० करणं, मग नेट बघून १० मिनिटांनी १५०.

यामुळे शेठला सुरुवातीलाच खरं सांगितलं की राउटर मेला तर चार सेकंदात बदल होईल, पण नेट गेलं तर ३५-४० सेकंद लागतील, कारण आधी ३० सेकंद खात्री करण्यात जातात. आणि बदल होताना बँकेच्या साइटवरचं लॉगिन तुटेल, कारण दोन नेटचे बाहेरचे आयपी वेगळे. दोन राउटरमध्ये कनेक्शन ट्रॅकिंग (चालू कनेक्शनची नोंद) सिंक करायची सोय असते, पण बाहेरचा आयपीच बदलतो तिथे तिचा फायदा नाही. मुनीमकाकांना सांगून ठेवलं की आरटीजीएस करताना बाहेर फेकलं तर परत लॉगिन करून आधी स्टेटमेंट बघा, पैसे गेले नाहीत याची खात्री करा, मगच दुसऱ्यांदा टाका.

मग मॉनिटरिंग, जे माझ्या मते या कामाचा अर्ध्याहून जास्त भाग आहे. जुन्या एका कॉम्प्युटरवर झॅबिक्स हे नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते .२ ला वेगळा पिंग मारतं, .३ ला वेगळा, आणि दोन्ही राउटरच्या वॅन पोर्टची स्थिती एसएनएमपीने (उपकरणाला त्याची स्थिती विचारायची पद्धत) बघतं. व्हर्च्युअल .१ पण बघतं, पण त्यावरून कोणतीच खात्री करायची नाही असं ठरवलं. ज्या राउटरमध्ये व्हीआरआरपीची स्टँडर्ड एमआयबी (एसएनएमपीने विचारता येणाऱ्या माहितीची यादी) मिळते तिथे स्थिती आकड्यात येते, १ म्हणजे इनिशियलाइझ, २ बॅकअप, ३ मास्टर. इथे आम्ही राउटरच्या मास्टर झाल्यावर आणि बॅकअप झाल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्ट वापरल्या, त्या टेलिग्रामवर मेसेज टाकतात, त्या ग्रुपमध्ये शेठ, भाचा, मुनीमकाका आणि मी. नियम एकच, कोणत्याही क्षणी मास्टर बरोबर एक पाहिजे. शून्य असेल तर बोंब, दोन असतील तरी बोंब.

दोन मास्टर कसे होतात ते टेस्टमध्ये दाखवून दिलं. ऑफिस आणि काट्याच्या मधली केबल काढली, दोघांना एकमेकांचं ऐकू येणं बंद, दोघंही मास्टर. आपापल्या बाजूच्या लोकांना दोघंही नेट देतात म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं, पण काट्याला ऑफिसचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. ही केबल सरकीच्या गोदामाच्या कडेने गेली होती आणि सरकी आहे तिथे उंदीर असतातच, ती लोखंडी पाइपातून घेतली.

आता आतलं झॅबिक्स ओरडणार कसं, नेटच नसेल तर? म्हणून बाहेर एका भाड्याच्या सर्व्हरवर उलटा हिशोब ठेवला. दोन्ही राउटर दर ५ मिनिटांनी स्वतःच्या नेटमधून त्या सर्व्हरला हाक मारतात, मास्टर असो की बॅकअप, आणि ज्याची हाक १५ मिनिटं आली नाही त्याच्या नावाने मेसेज येतो. प्रत्येक राउटरला फक्त आपलंच नेट दिलेलं आहे, एकमेकांमधून बाहेर जायचा रूट नाही, त्यामुळे बॅकअपची हाक आली म्हणजे रेडिओ चालू आहे हे पक्कं. ही एक सोय जरी आधी असती तर श्रावणातच १५ मिनिटांत अडॅप्टरचं कळलं असतं. सगळं करायला वेळ नसेल तर निदान एवढं तरी कराच, मी कळकळीने सांगतो.

महिन्यातून एकदा मुद्दाम फायबरची पॅच कॉर्ड काढून बघायची असं ठरलं. शेठ म्हणाले अमावस्येला घ्या, त्या दिवशी आवक कमी असते. भाचाच करतो, पॅच कॉर्ड काढतो, काट्यावर एक खोटी एंट्री करून बघतो, ई-वे बिलाच्या साइटवर लॉगिन होतंय का बघतो, आणि बॅकअपवर अर्धा तास काम चालू ठेवतो. अर्धा तास मुद्दाम, कारण रेडिओचा स्पीड कमी आहे आणि सगळे कॅमेरे मोबाईलवर बघत बसले की काट्याला नेट पुरत नाही हे पहिल्याच टेस्टमध्ये दिसलं. मग बॅकअपवर काटा, बँक आणि बिलिंगच्या कॉम्प्युटरला क्यू लावून पहिला हक्क दिला.

त्याच सीझनच्या शेवटी फायबर परत गेलं, भर दुपारी. टेलिग्रामवर बॅकअप मास्टर झाल्याचा मेसेज आला, काटा चालू राहिला, ट्रॅक्टरवाल्यांना काही कळलं पण नाही. दीड तासाने फायबर आलं, १० मिनिटांनी मेन परत मास्टर. मुनीमकाकांचं बँकेचं लॉगिन दोनदा तुटलं, ते थोडे वैतागले.

एक गोष्ट अजून राहिली आहे. रेडिओ ज्या टॉवरवरून येतो त्या टॉवरला नेट कुठून येतं हे विचारलं तर कळलं की ते पण काही अंतर सुरत-नागपूर हायवेच्या कडेनेच जळगावला जातं, जिथून आपलं फायबर जातं. या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेला जेसीबी लागला की केबल तुटते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि दोन्ही केबल एकाच चरात असतील तर दोन राउटर, दोन कंपन्या, सगळं एकाच घावात जाईल. शेठने दुसऱ्या नेटवाल्याकडे चोपडा किंवा अमळनेरच्या बाजूने रस्ता आहे का ते लेखी मागितलंय. उत्तर येईपर्यंत बॅकअप राउटरच्या यूएसबीला एक फोरजी डोंगल लावून ठेवलंय, रेडिओचा रूट पडला की ते चालू होतं, फक्त काटा आणि बिलिंगपुरतं, आणि त्याची हाक बाहेरच्या सर्व्हरवर तिसऱ्या नावाने येते.